उतारावरची घायपात

वाहून गेलेली माती परत वर आणायची, असं केसरीनाथशेठनं सांगितलं तेव्हा सावळारामला आधी ती थट्टाच वाटली.

श्रावणातल्या तीन दिवसांच्या झडीनं दिघाशीच्या टेकाडाचा मागचा उतार सोलून काढला होता. टेकाडाच्या माथ्यावर शेठचा नवा बंगला, पुढल्या अंगाला भिवंडीकडे जाणारी सडक आणि मागल्या अंगाला हा उतार. इतका उभा, की वरून नारळ सुटला तर थेट ओहोळात जाऊनच थांबावा. शेठला तिथं बाग हवी होती. त्याच्या काल्हेरच्या खाडीत रेतीच्या होड्या चालत, हाताशी माणसं होती, हौस होती. ठाण्याच्या नर्सरीवाल्यानं ट्रक भरून हिरवळीच्या लाद्या आणल्या, गुलाब आणले, चिकूची कलमं आणली. हिरवळ आषाढातच चटईसारखी गुंडाळत खाली गेली. गुलाब श्रावणात गेले. चिकूची कलमं तेवढी मुळं उघडी टाकून हलत उभी होती.

"बघतोस काय?" शेठ वरच्या ओट्यावरून म्हणाला. "माझी माती हाय ती. विकत घेतलीय मी. ओहोळात कशाला सोडू? उचल."

सावळाराम पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा, गुडघ्यात जरासा वाकलेला. बंगल्यावर माळी म्हणून लागून त्याला वर्ष झालं होतं. त्यानं टिकाव, फावडं घेतलं, बायकोला, सीताबाईला, बोलावून आणलं आणि दोघं खाली उतरली. ओहोळाच्या काठी लाल चिखलाचा हा ढीग पडला होता. तो फावड्यानं ओढायचा, घमेल्यात भरायचा, चुंबळीवर घ्यायचा आणि गुडघ्यावर हात रोवत वर चढायचं. ओली माती दगडासारखी जड. घमेल्याच्या कडेवरून लाल पाणी कपाळावर, डोळ्यांत, ओठांच्या फटीत यायचं. पायाच्या बोटांतल्या चिखल्या फुटून रक्त निघालं, तेही त्या मातीत कळेनासं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक सर आली आणि वर टाकलेल्यातली अर्धी माती त्यांच्या देखत पुन्हा खाली गेली.

सीताबाई मटकन बसली.

"उठ," सावळाराम दबक्या आवाजात म्हणाला. "वरून बघतोय."

"बघू दे. मेल्याला म्हनावं, ये, तूच बस घमेल्यात."

वरून शेठचा आवाज आला, "सावळ्या, तुझ्या बायकोचं घमेलं अर्धंच असतं रे! मोफत जेवते का ती?"

सीताबाई उठली. तिनं घमेलं शीग लावून भरलं आणि नवऱ्याकडे न बघता वर निघाली.

हा उतार मूळचा सावळारामच्याच बापाचा. नाचणी-वरी पिकवायची वरकस जमीन. बाप गेल्यावर सात-बाऱ्यावर थोरला म्हणून सावळारामचं एकट्याचं नाव लागलं. धाकटा अनंता कामतघरला लूमवर कामाला होता. त्यानं कधी कागद बघितला नाही, आणि छातीत कापूस बसून खोकत खोकत तो मेला तेव्हा बघायचं राहूनच गेलं. त्यानंतर वर्षभरात सावळारामनं अख्खा उतार केसरीनाथशेठला देऊन टाकला. अनंताची बायको गुणाबाई टेकाडाच्या माथ्यावर, आता बंगल्याच्या कुंपणाला लागून, कुडाच्या घरात राहत होती. सावळारामची म्हातारी आई, आक्का, तिच्याचजवळ होती, कारण सीताबाईचं आणि तिचं एका चुलीवर जमलं नव्हतं. विक्रीच्या वेळी सावळारामनं भावजयीला सांगितलं होतं, "तुझं घर राहील. विहिरीची वाट राहील. मी हाय ना."

विहीर खाली ओहोळाकाठी. वाट उतारावरून सरळ खाली. दुसरीकडून जायचं तर सडकेनं गावाला वळसा घालून ओहोळावरच्या मोरीवरून यावं लागे. रिकाम्या हंड्यानं निघालेलं माणूस भरल्या हंड्यानं घरी पोचेपर्यंत उन्हं फिरत.

चौथ्या दिवशी, सावळाराम-सीताबाई माती वाहत असताना, गुणाबाई डोईवर दोन हंडे आणि कमरेवर कळशी घेऊन त्याच वाटेनं वर चढत होती. बोटं रोवून, टाच न टेकता. तिच्या प्रत्येक पावलाखाली मातीचा एकेक ढेकूळ सुटून घरंगळत होता. शेठ ओट्याच्या कडेला येऊन उभा राहिला. त्यानं वाट वरपासून खालपर्यंत बघितली. वाटेच्या जागी आता कमरेएवढी घळ पडली होती.

गुणाबाई कुडाआड गेली तसं शेठनं सावळारामला हाक मारली. "इकडं ये. चिखल तिथंच झाड."

ओट्याखाली उभं करून त्यानं विचारलं, "तुझा बाप इथं नाचणी करायचा ना? त्याची माती कशी राहायची?"

सावळारामला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा कुणी त्याला काही विचारलं होतं. नर्सरीवाला आला होता तेव्हा त्यानं दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा त्याला पाण्याचा पाइप धरायला पाठवलं होतं.

"शेठ, हिरवळ इथं टिकायची न्हाय. तिचं मूळ बोटभर. उताराला खोल जानारं मूळ पायजे. आडव्या वळी काढायच्या आन् त्यात वाळा लावायचा. ओहोळाला आपला मोप हाय. त्याचं मूळ पुरुषभर खाली जातं, धरली माती सोडत न्हाय. दोन वळींच्या मधी निरगुडी. ओहोळाच्या तोंडाशी कळकाचं बेट. कडंनं करवंदी. तीन पावसाळे गेले का पहार मारलीत तरी माती निघनार न्हाय."

"आन् ही घळ?"

"ती वाटंची हाय. पानी आळशी असतं, आयती वाट मिळाली का तिथनंच उतरतं. तिथं दगडाच्या पायऱ्या करायच्या, वाट जरा नागमोडी घ्यायची, दोन्ही बाजूनं वाळा. पंधरा दिसांचं काम. मी करीन."

शेठनं पान तोंडात टाकलं. "मला पायऱ्या नकोत. मला वाटच नको. माझ्या बागेतून बायका हंडे घेऊन जाणार? पाहुणे बसलेत, आन् ही आपली ओलेती चाललीय? वाट बंद व्हायला पाहिजे. भिंत नको, भिंत घातली तर पंचायत बोंबलेल. झाडंच लाव. काय लावशील?"

सावळारामनं घळीकडे बघितलं.

"तुला ठाऊक नसेल तर नर्सरीवाल्याला विचारतो. आन् माळीपण त्याचाच ठेवतो."

नर्सरीवाल्याला ठाऊक नव्हतं, हे सावळारामला पक्कं माहीत होतं. त्यानं आणखी गुलाबच लावले असते. पण त्याच क्षणी त्याला तीन दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. गुणाबाई तलाठ्याकडे जाऊन आली होती. चार माणसांसमोर तिनं विचारलं होतं, माझ्या नवऱ्याचं नाव कागदावर का न्हाय? ते सीताबाईनं गिरणीवरून ऐकून आणलं होतं आणि तेव्हापासून ते सावळारामच्या पोटात आंबत पडलं होतं. मी हाय ना म्हटलं होतं, तर ही तलाठ्याकडे गेली.

"घायपात," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तलवारीसारखी पातं असतात. टोकाला सुईवानी काटा. मातीबी धरते. वळीनं सांध्यावर सांधा लावली का दोन वर्सांत ढोरबी शिरनार न्हाय."

शेठ हसला. पानाचा रस हनुवटीवर आला तो त्यानं रुमालानं पुसला. "बघ. ठाऊक होतं की तुला."

घायपात पडघ्याच्या बाजूला जंगलखात्याच्या जुन्या बांधावर होती. सावळाराम बैलगाडी घेऊन गेला. मोठ्या झाडांच्या बुडाशी फुटलेली पिल्लं त्यानं पहारीनं उपसली. त्यातलीही लहान टाकून हातभराचीच घेतली. तुटलेल्या पातीचा रस हातावर आला आणि कोपरापर्यंत कातडी लाल होऊन सुजली. रात्रभर तो हात खाजवत होता. सीताबाईनं खोबरेल लावलं, राख लावली, शेवटी म्हणाली, "असलं कशाला लावतात बागंत?"

"शेठला पायजे," तो म्हणाला.

लावणी दहा दिवस चालली. उतारावर दोर बांधून घ्यायचा, कमरेला गाठ मारायची, एका हातानं पहार मारायची आणि दुसऱ्यानं रोप खोचायचं. वरच्या भागात त्यानं वाळाही लावला, निरगुडीही लावली, आणि ते काम त्यानं जीव लावून केलं. वाळ्याचे ठोंब चिखलात बुडवून लावले, शेंडे वीतभर ठेवून छाटले, टाचेनं दाबले. घळीत दगड रचून तीन ठिकाणी ताली घातल्या, म्हणजे पाणी अडून गाळ बसेल. मग राहिली वाट. वाटेवर त्यानं घायपातीच्या चार ओळी आडव्या घेतल्या. एका ओळीतल्या दोन रोपांच्या फटीसमोर वरच्या ओळीतलं रोप.

तो दुसऱ्या ओळीत असताना गुणाबाई रिकामे हंडे घेऊन आली. डोईवरचा पदर पुढे ओढून, नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर उभं राहायचं तशी, जरा आडवी उभी राहिली.

"भावजी, वाट तेवढी सोडा."

तो मातीतच बघत राहिला. "माझ्या हातात काय हाय?"

"तुमी सांगा ना त्यांना. दुसरं कायतरी लावा म्हनावं. तुमाला सगळी झाडं ठाऊक हायेत."

"सांगून बघितलं. वाळा लावतो बोललो, पायऱ्या करतो बोललो. ऐकत न्हाय तो. त्याला हेच पायजे."

गुणाबाईनं रिकामे हंडे काखेत सावरले. मागून कुडाच्या दारातून आक्का ओरडली, "त्याला नको बोलू गं गुने! चाकरी हाय त्याची. पोराच्या पोटावर पाय नको देऊ."

"न्हाय देत आत्या," गुणाबाई म्हणाली. मग सावळारामला म्हणाली, "तुमी तरी काय करनार म्हना. सांगतील ते करायचं." आणि हातभर उंचीच्या त्या रोपांवरून लुगडं आवरून पाय टाकत ती खाली गेली.

ते वर्ष ती तशीच पाय टाकून गेली. दुसऱ्या वर्षी पाती मांडीला लागायला लागल्या. तिच्या पोटऱ्यांवर आडव्या-उभ्या चिरा पडल्या. काही भरून पांढऱ्या झालेल्या, काही ओल्या. गावातल्या बायका म्हणाल्या, सडकेनं जा. गेली ती आठ-पंधरा दिवस. पण सकाळी दोन खेपा केल्या की भातलावणीच्या मजुरीला उशीर व्हायचा आणि मुकादम बांधावरून परत पाठवायचा. मग ती पुन्हा उतारावर आली. तिनं एका जागी दोन पाती दोरीनं मागं ओढून बांधल्या आणि मधून एक माणूस तिरपं होऊन जाईल एवढी फट केली.

सावळारामनं ती फट बघितली होती. त्यानं काही केलं नाही. एवढं तरी मी सोडलं, असं त्याला वाटायचं, आणि फटीपाशी आला की तो मान वळवून दुसऱ्या ओळीत खुरपायला बसायचा.

तिसऱ्या पावसाळ्यात उतार धरला गेला. घळ गाळानं भरून आली. वाळ्याच्या ओळींमागं मातीचे आपसूक बांध तयार झाले, चिकूच्या मुळांवर वीतभर माती चढली. सतत आठ दिवस पाऊस पडला आणि ओहोळाचं पाणी टेकाडाखाली आलं ते पांढरं आलं, लाल नाही. सावळाराम पावसात घोंगडी घेऊन उतारावर एकटाच उभा राहिला आणि त्याला आपल्या बापाची आठवण झाली. म्हाताऱ्यानं बघायला पाहिजे होतं, असं त्याला वाटलं.

भाद्रपदात शेठच्या मेव्हण्याच्या घरची मंडळी आली. त्यांच्यातली एक बाई बागेत फिरताना फटीपाशी आली आणि समोरून ओलीचिंब गुणाबाई हंडे घेऊन वर आली. बाई दचकली. बस, एवढंच झालं. पण संध्याकाळी शेठनं सावळारामला सगळ्या पाहुण्यांसमोर ओट्याखाली बोलावलं.

"ढोर शिरणार नाही म्हणाला होतास ना?"

"व्हय शेठ."

"मग हे काय शिरलं?"

पाहुणे हसले. बाईही हसली. सावळारामही, काय करावं न कळून, हसला.

"दात काढतोस? उद्या उजाडायच्या आत ती फट बुजली पाहिजे. न्हायतर तू आन् ती, दोघं एकदमच सडकेनं जा."

त्यानं लगेचच पहार घेतली. अंधार पडायला अजून अवकाश होता. लहान रोप लावून भागणार नव्हतं, ते पुन्हा बांधून टाकता आलं असतं. म्हणून त्यानं खालच्या अंगाची एक चांगली कमरेएवढी घायपात मुळासकट उपसली. ती उचलताना एक पात मधेच मोडली आणि तिच्यावर पांढरा चट्टा पडला. फटीत खड्डा घेऊन त्यानं ती बसवली, दोऱ्या कापून टाकल्या, माती टाचेनं दाबली. कुडाच्या घरातून धूर येत होता. जाऊन सांगावं, असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, सकाळी दिसेलच की तिला. हात खाजत होते. तो घरी गेला.

गुणाबाई पहाटे उतरली ती सडकेनंच, मजूर बायकांच्या बरोबरीनं, मोरीजवळच्या शेतात कुणाचं तरी निंदण होतं म्हणून. हंडे तिनं जाताना विहिरीवर ठेवले. निंदण उरकून दुपारी ती विहिरीवर आली, हंडे भरले, आणि आक्का सकाळपासून पाण्यावाचून आहे म्हणून जवळच्या वाटेनं वर निघाली. पाऊस बारीक पडत होता, डोळ्यांत पाणी उतरत होतं. डोईवर भरलेले हंडे असले की माणसाला खाली बघता येत नाही. नजर समोर ठेवून, पायानं चाचपतच चढायचं असतं. वर्षभर ती फट तिच्या पायाला पाठ होती. आणि असल्या उभ्या उतारावर चढणाऱ्याला वरचं झाड कमरेशी येत नाही. ते तोंडाशी येतं.

सावळाराम वरच्या ओळीत वाळा छाटत होता. त्याला आधी हंडे घरंगळल्याचा आवाज आला. तांब्याचा हंडा दगडावर आपटत, आपटत, ओहोळात गेला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आवाज आला, पण तो ओरडल्यासारखा नव्हता. कुणीतरी तोंड मिटून खूप जड वस्तू उचलावी तसा.

तो घसरत खाली गेला. गुणाबाई गुडघ्यांवर होती. तिनं एका हातानं पात धरून ठेवली होती, आणि चेहरा मागं घ्यावा की न घ्यावा हे तिला कळत नव्हतं.

"हलू नको," तो म्हणाला. "गुना, हलू नको."

त्यानं कोयत्यानं पात कापली.

बैलगाडीतून सडकेवर, तिथून रेतीच्या ट्रकमधून भिवंडीला. ट्रक शेठचाच होता, पण ड्रायव्हरनं शेठला विचारलं नाही. डॉक्टरनं टोक काढलं आणि तीन दिवसांनी डोळाही काढला, नाहीतर दुसराही जाईल म्हणाला. पंधरा दिवस सावळाराम येऊन-जाऊन होता. गुणाबाई पट्टीआडून, छताकडे तोंड करून, एकदाच म्हणाली, "भावजी, ती तिथं नव्हती ना आदी?"

"शेठनं लावाया लावली."

"हां," ती म्हणाली. "तरीच."

शेठ म्हणाला, "माझ्या हद्दीत शिरली कशाला?" पंचायतीत कुणी विषय काढला नाही. सीताबाई तेवढी सलग चार दिवस आक्काला पाणी नेऊन देत होती, पाचव्या दिवशी म्हणाली, "माझीबी मान हाय." मग म्हातारी स्वतःच तांब्या घेऊन सडकेनं जायला लागली. तांब्याभर पाण्याला तिचा अर्धा दिवस जाई. येताना सावळारामच्या दारावरून जाई आणि हाक न मारता जाई.

मार्गशीर्षात शेतीखात्याची जीप आली. नसबंदीची वर्षं सरली होती, तरी जीप दिसली की चार माणसं अजून शेतात पळत. पण हा साहेब उतार बघायला आला होता. बरोबर आजूबाजूच्या गावचे दहा-बारा शेतकरी. साहेब पायजमा वर दुमडून उतारावर उतरला, वाळ्याचा एक ठोंब ओढून बघितला, त्याला तो निघेना, तर खूश झाला. म्हणाला, "असं काम मी तालुक्यात बघितलं नाही. ही झाडं कुणी निवडली?"

केसरीनाथशेठनं सावळारामला दंडाला धरून पुढे केलं. तो खुशीत होता आणि खुशीत असला की उदार व्हायचा.

"ह्यानं. आमचा सावळाराम. मी तर नुसतं म्हणालो, वाट बंद पाहिजे. मला काय ठाऊक घायपात का फायपात? मी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. ह्यानंच सांगितलं, शेठ, घायपात लावा, दोन वर्षांत ढोर शिरणार नाही. डोकं आहे गड्याला!"

शेतकऱ्यांनी माना हलवल्या. साहेबानं सावळारामच्या पाठीवर हात ठेवला. सावळारामनं मान वर केली तेव्हा कुंपणापलीकडे गुणाबाई उभी होती. जीप आली म्हणून ती बघायला आली होती. तिनं पदर डोईवरून पुढे ओढलेला नव्हता. ती त्याच्याकडे सरळ बघत होती, एका डोळ्यानं, आणि दुसरी पापणी खोबणीत आत बसली होती. मग ती वळून घरात गेली.

साहेबानं जाताना सुचवलं की टोकाचे काटे छाटून टाका, पाहुण्यांना, मुलांना लागायचे. शेठनं दुसऱ्याच दिवशी हुकूम सोडला. काम मोठं होतं, शेकडो झाडं, प्रत्येकाला वीस-पंचवीस पाती. "आणखी एक माणूस घे," शेठ म्हणाला. सीताबाईनं रसाचं नाव ऐकूनच नकार दिला.

सकाळी गुणाबाई कुंपणाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. "मना द्या काम."

शेठनं तिच्याकडे बघितलं, मग सावळारामकडे. "येईल तिला?"

सावळाराम कोयता दगडावर घासत राहिला.

"ये म्हणावं," शेठ म्हणाला. "इथलंच माणूस आहे."

असा तो तिच्याबरोबर उतारावर कामाला लागला. त्यानं तिला कोयता दिला, पात कशी धरायची, टोक कुठं उडवायचं, रस अंगावर येऊ नये म्हणून हात कसा ठेवायचा, ते दाखवलं. ती बघत होती आणि काही बोलत नव्हती. एका डोळ्याला अंतर कळत नाही. पहिल्या दिवशी तिचा कोयता हवेतच फिरायचा, कधी पातीच्या अलीकडे, कधी पलीकडे. मग तिनं आपली रीत बसवली. आधी डाव्या हातानं पात चाचपायची, बोटं सरकवत टोकापर्यंत न्यायची, काटा बोटाला लागला की तिथं कोयता टेकवून कापायचं. संध्याकाळी तिची बोटं टोचून टोचून बधिर झालेली असत.

ती नेहमी अशी बसायची की गेलेल्या डोळ्याची बाजू त्याच्याकडे येईल. सुरुवातीला त्याला वाटलं, योगायोग. त्यानं जागा बदलून बघितली. तो डावीकडे गेला की ती उठून दुसरीकडून बसायची. तिच्या हातात कोयता असायचा आणि तो पाठमोरा असायचा तेव्हा तो दर थोड्या वेळानं मागं वळून बघायचा. पण काही झालं नाही. चार दिवस, पाच दिवस, सात दिवस. खालच्या ओळी संपल्या.

"गुना," आठव्या दिवशी तो म्हणाला, "शिव्या दे मना. पन बोल."

ती पातीवरून बोटं सरकवत होती. तिनं टोक उडवलं. मग मान न वळवता विचारलं, "भावजी, ती यातली कंची?"

दोघं जुन्या वाटेवर होते. सावळारामनं समोर बघितलं. चट्ट्याची पात दोन हातांवर होती. कापलेल्या पातीचं थोटूक वाळून काळं पडलं होतं.

"आता काय ठाऊक," तो म्हणाला. मग तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून त्यानं वरच्या अंगाच्या एका झाडाकडे बोट केलं. "ती असंल."

गुणाबाई उठली. त्या झाडापाशी जाऊन बसली, त्याच्या पाती एकेक करून चाचपल्या, बराच वेळ. मग परत आली.

"ती न्हाय." तिनं कोयत्यानं दाखवलं. "ही हाय. पातीवर चट्टा हाय बघा. त्या डोळ्यानं शेवटची हीच पायली मी."

"मंग इचारलंस कशाला?"

"बघत होते," ती म्हणाली. "अजून तरी खरं बोलता का."

वरून शेठनं ओरडून विचारलं, जेवायच्या आधी एवढं उरकेल का? "उरकंल," गुणाबाईनं उत्तर दिलं. ती वरच्या ओळीत गेली आणि तिथं बसून पात चाचपायला लागली. ते एक झाड तिनं तसंच सोडलं होतं.

सावळाराम त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला. उतारावर खालच्या अंगाला बसल्यानं पाती त्याच्या तोंडासमोर आल्या. त्यानं पहिली पात धरली, काटा गालाच्या इतका जवळ आला की त्यानं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं ती कापली. मग दुसरी. वरच्या ओळीतून कोयत्याचा आवाज येत राहिला, थांबत थांबत, सारख्या अंतरानं.